टर्मिनलवर आवाजाची लेव्हल बघायची तर आधी नळ कुठला आणि पाणी कुठलं ते ठरव

तुझा प्रश्न मला समजला तो असा: गिरगावातल्या एका वाचनालयाच्या हॉलमधली व्याख्यानं दर शनिवारी लाइव्ह जातात, साऊंड केबिनमध्ये एक जुना पीसी, त्यावर लिनक्स, त्याला स्क्रीन नाही, तू घरून एसएसएचने (म्हणजे नेटवरून त्या पीसीत शिरून कमांड द्यायच्या) आत जातोस. माईकचा आवाज नीट येतोय का हे टर्मिनलवरच कसं बघायचं. आणि दुसरं म्हणजे अल्सामिक्सरमध्ये (लिनक्सवरचा व्हॉल्यूमच्या पट्ट्यांचा प्रोग्राम) पट्टी ८० वर असूनही मोबाईलवर ऐकणारे काहीजण "आवाजच नाही" असे मेसेज टाकतात, हेडफोनवाले मात्र म्हणतात मस्त येतोय, तर हे काय भूत आहे.

कॉलेजात आहेस म्हणतोस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी गेली वीसेक वर्षं नाटकांचं आणि सभागृहांचं साऊंड बघतोय आणि त्यातली निम्मी वर्षं लिनक्सवर, त्यामुळे जे सांगतोय ते मार खाऊन शिकलेलं आहे. कमांड फोनवर सांगतात तशा बोलून लिहितोय, टर्मिनलवर तू त्या इंग्रजीत टाइप करशीलच.

पहिली गोष्ट, अल्सामिक्सरमधली पट्टी हा मीटर नाही. ती फक्त नळ किती उघडलाय ते सांगते, पाणी आलंय का ते नाही सांगत. आपल्याकडे हे वेगळं समजवायला लागू नये, नळ पूर्ण उघडा ठेवून बादली कोरडी हे चाळीत सगळ्यांनी पाह्यलेलं आहे. ८० वर असलेली पट्टी बघून समाधान मानू नकोस. तिथे फक्त दोन गोष्टी बघायच्या, एफ ६ दाबून कार्ड बरोबर निवडलंय का आणि एफ ४ ने कॅप्चरच्या पानावर जाऊन त्या चॅनेलखाली कॅप्चर लिहून येतंय का, नसेल तर स्पेस दाबायचा. बऱ्याच स्वस्त यूएसबी इंटरफेसला (मिक्सरचा आवाज पीसीत नेणारा डबा) इनपुटचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायची सोय, नसतोच, मग तिथे पट्टीच दिसणार नाही, घाबरायचं नाही, गेन मिक्सरवरून द्यायचा.

आता पाणी बघायचं. आधी एरेकॉर्ड डॅश छोटा एल, म्हणजे पीसीला कुठकुठली रेकॉर्डिंगची कार्डं दिसतायत त्याची यादी येते. इथे नीट थांब. यादीत कार्ड ०, कार्ड १ असे नंबर असतात आणि त्या नंबरांवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण पीसी रीबूट झाला किंवा यूएसबी दुसऱ्या भोकात खोचली की नंबर बदलू शकतात. एकदा मी तासभर लाइव्ह मीटर बघत बसलो होतो, पट्टी छान नाचत होती, वक्ते जोरात बोलले की वर जायची, थांबले की खाली यायची, मला वाटलं सगळं आलबेल. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तर विहिरीतून बोलल्यासारखा आवाज. रीबूटनंतर कार्ड १ म्हणून वेबकॅम बसला होता आणि केबिनच्या काचेतून जे काय त्याच्या पिटुकल्या माईकला ऐकू येत होतं तेच मी बघत होतो आणि तेच लोकांना जात होतं. मीटर खोटं बोलला नाही, मीच चुकीच्या नळाखाली बादली लावली होती.

तेव्हापासून मी नंबर वापरत नाही, नाव वापरतो. यादीत प्रत्येक कार्डाचं छोटं नाव असतं, स्वस्त यूएसबी इंटरफेस पुष्कळदा कोडेक या नावाने दिसतात. मग कमांड अशी: एरेकॉर्ड, डॅश कॅपिटल डी, प्लगएचडब्ल्यू, कोलन, कार्ड बरोबर कोडेक (हा कार्ड शब्द आणि नाव दोन्ही कॅपिटलमध्ये), मग डॅश एफ सीडी, डॅश कॅपिटल व्ही स्टीरिओ, आणि फाइलच्या जागी स्लॅश डेव्ह स्लॅश नल. म्हणजे रेकॉर्ड कर पण कचऱ्यात टाक, मला फक्त मीटर दाखव. डॅश एफ सीडी म्हणजे १६ बिट, ४४१००, दोन चॅनेल. नुसतं एचडब्ल्यू न घेता प्लगएचडब्ल्यू का, तर कार्डाला तो रेट किंवा फॉरमॅट जमत नसेल तर मधल्यामधे बदलून घेतं, नाहीतर एरर खात बसशील. कार्ड खरंच तेच आहे का याची माझी खात्री करायची पद्धत अगदी गावठी आहे, हॉलमध्ये कोणाला तरी फोन करायचा आणि माईकवर दोन टिचक्या मारायला सांगायच्या, नंतर मिक्सरवर तो फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घ्यायला सांगायचा. टिचक्या दिसल्या आणि फेडरबरोबर मीटर पडला तरच तो आपला नळ. वेबकॅम फेडर खाली घेतल्याने पडत नाही ना.

आता त्या मीटरबद्दल जे कोणी सांगत नाही ते. एरेकॉर्डचा मीटर टक्क्यात असतो आणि ते टक्के सरळ अॅम्प्लिट्यूडचे, डेसिबलचे नाहीत. १६ बिटात जास्तीत जास्त ३२७६७ पर्यंत जाता येतं, ते झालं १०० टक्के म्हणजे शून्य डीबीएफएस, डिजिटलमधली कमाल पातळी, तिच्यापासून खाली मोजायचं. ५० टक्के म्हणजे फक्त ६ डीबी खाली. २५ टक्के म्हणजे मायनस १२. १० टक्के म्हणजे मायनस २०. १ टक्का म्हणजे मायनस ४०. म्हणजे व्याख्यान चालू असताना पट्टी १० ते २५ मध्ये घुटमळतेय आणि मधूनच ५० ला शिवतेय तर ती लेव्हल उत्तम आहे, पण नवीन पोरं काय करतात, पट्टी अर्धी पण भरत नाही म्हणून गेन वाढवत नेतात आणि मग वक्त्याने एक टाळ्यांचं वाक्य टाकलं की सगळं फाटतं. अर्धी पट्टी म्हणजे अर्धा आवाज नव्हे, वर जेमतेम ६ डीबी उरलेत एवढंच.

तुझ्या केबिनमध्ये आणखी एक अडचण येणार. स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर चालू असताना एरेकॉर्डने थेट कार्ड मागितलंस तर डिव्हाइस बिझी म्हणून हाकलून देईल, कारण थेट गेलं की कार्ड एका वेळी एकाच गिऱ्हाइकाला मिळतं. आजकाल मधे पल्सऑडिओ नाहीतर पाइपवायर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना आवाज वाटून देणारा मध्यस्थ, बसलेलं असतं (फेडोरात २०२१ पासून, उबुंटूत २२.१० पासून पाइपवायर डिफॉल्ट आहे), आणि त्यांच्या मार्फत गेलास तर एकाच सोर्सवरून कितीही जण ऐकू शकतात. म्हणून लाइव्ह चालू असताना नेहमी त्यांच्याकडूनच माग. पॅकटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस म्हण, नावं येतील, त्यात अल्सा इनपुटने सुरू होणारं आपल्या कामाचं, आणि ज्यांच्या शेवटी डॉट मॉनिटर लागलंय ते म्हणजे पीसीतून स्पीकरकडे जाणारा आवाज, तो इनपुट नाही. हे दोन गोंधळलास तर परत वेबकॅमचीच गोष्ट.

एसएसएचने आत गेल्यावर पॅकटीएलने कनेक्शन रिफ्यूज्ड म्हटलं तर कारण साधं असतं, पल्स किंवा पाइपवायर एका युजरच्या सेशनमध्ये चालतं आणि तू दुसऱ्याच युजरने, बहुतेक रूटने (अॅडमिन युजरने), आत गेलायस. ज्या युजरखाली स्ट्रीमिंग चालतं त्याच युजरने लॉगिन कर. सुडो लावून काही होत नाही, उलट बिघडतं. आणि पीडब्ल्यू-टॉप नावाची कमांड सापडेल, तिला बघून खूश होऊ नकोस, ती लोड आणि चुकलेल्या सायकल दाखवते, लेव्हल नाही.

बघत बसण्यापेक्षा मोजणं बरं, आणि मोजायला सॉक्ससारखं (टर्मिनलवरून आवाजाच्या फाइलींवर काम करणारा प्रोग्राम) हत्यार नाही. ३० सेकंदांची एक वेव्ह फाइल घे, टीएमपीमध्ये टाक, मग सॉक्स, फाइलचं नाव, डॅश एन, स्टॅट्स. शेवटचा एस विसरू नकोस, नुसतं स्टॅट म्हटलंस तर जुनी कमांड चालते आणि ती ० ते १ मधले आकडे फेकते, डोक्याला ताप. स्टॅट्समध्ये ओव्हरऑल, लेफ्ट, राइट असे तीन रकाने येतात. पीक लेव्हल म्हणजे सगळ्यात उंच टोक, आरएमएस लेव्हल म्हणजे सरासरी ताकद, कानाला साधारण जे जाणवतं त्याच्या जवळचं. बोलण्यामध्ये पीक हा आरएमएसपेक्षा १२ ते २० डीबी वर असणं अगदी नॉर्मल. माझा हिशेब असा की व्याख्यानाला पीक मायनस ६ ते मायनस १० आणि आरएमएस मायनस २४ च्या आसपास असला की मी हात लावत नाही.

त्यात एक फ्लॅट फॅक्टर नावाचा आकडा येतो, लोक त्याच्याकडे बघतच नाहीत आणि मला तो सगळ्यात आवडतो. टोकाला गेल्यावर लागोपाठ सॅम्पल एकसारखेच येतायत का, म्हणजे लाटेचा माथा कापला गेलाय का, ते तो सांगतो. याचा उपयोग कधी, तर पीक मायनस ८ दिसतोय, सगळं सेफ वाटतंय, आणि तरी आवाज फाटलेला आहे. कारण फाटलाय तो मिक्सरमध्ये, प्रीअॅम्पवरच (माईकचा आवाज सगळ्यात आधी वाढवणारा भाग), आणि नंतर मेन फेडर खाली घेऊन तो फाटलेला आवाज तुला हळू पाठवलाय. पीसीला वाटतं लेव्हल कमी आहे. फ्लॅट फॅक्टर शून्यावर असला तरी कानाने एकदा ऐकून घे, बराच वर गेलेला दिसला तर पीसीवर काही करू नकोस, मिक्सरवाल्याला फोन लाव आणि चॅनेलचा गेन खाली घ्यायला सांग.

आता तुझं भूत. मोबाईलवर गायब, हेडफोनवर मस्त. हे मी इतक्या वेळा पाह्यलंय की प्रश्न वाचतानाच हसू आलं. माझा अंदाज, तुझ्या मिक्सरच्या मेन आउटमधून एक मोठा जॅक निघतो आणि त्याच वायरीला दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना आहेत, त्या इंटरफेसमध्ये लावल्यात. बरोबर? मिक्सरचं ते आउटपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे जॅकच्या टोकावर आवाज आणि रिंगवर तोच आवाज उलटा, एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. लांब वायरीत घुसलेली खरखर काढायला ती युक्ती आहे, पुढचं मशीन एकातून दुसरं वजा करतं आणि खरखर कटते. तुझ्याकडे मात्र वजा करणारं कोणी नाही, टोक गेलं डाव्या चॅनेलला आणि रिंग गेली उजव्याला. हेडफोनमध्ये दोन कान वेगवेगळे त्यामुळे ऐकू येतं, जरा डोक्याच्या मागून आल्यासारखं विचित्र वाटतं पण लोकांना कळत नाही. एक स्पीकरवाला फोन दोन्ही चॅनेलची बेरीज करतो, आणि बेरीज शून्य. म्हणून काहीजणांनाच आवाज नाही. मीटरवर दोन्ही पट्ट्या झकास नाचणार, त्यात काही दिसणार नाही.

पकडायचं कसं ते बघ. त्याच ३० सेकंदांच्या फाइलवर आधी साधं स्टॅट्स कर आणि आरएमएस लिहून ठेव. मग सॉक्स, फाइल, डॅश एन, रीमिक्स १ कॉमा २ (कॉमाच्या आजूबाजूला स्पेस नको), स्टॅट्स. रीमिक्स दोन्ही चॅनेल एकत्र करून सरासरी काढतं, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज सरळ असेल तर आरएमएस जवळजवळ तेवढाच यायला हवा. तो एकदम ३०-४० डीबी खाली पडला तर भूत सापडलं. एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये एफेजमीटर नावाचा फिल्टर पण आहे, +१ म्हणजे एका फेजमध्ये, −१ म्हणजे उलट, पण मला रीमिक्सची पद्धत जास्त पटते कारण मोबाईल जे करतो तेच ती करते.

एक सावधगिरी. असं असताना स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनोच्या चौकटीत टिक मारू नकोस, मग हेडफोनवाल्यांचा पण आवाज जाईल आणि सगळेच मेसेज टाकतील. या शनिवारपुरतं चालवायचं असेल तर फक्त डावा चॅनेल घेऊन तोच दोन्हीकडे पाठव. कायमचा उपाय वायरीत आहे. मिक्सरवर टेप आउट किंवा रेक आउट लिहिलेल्या लाल-पांढऱ्या पिनांच्या जागा असतील तर तिथून सरळ साधी लाल-पांढरी वायर ओढ, संपला विषय. नसतील किंवा वायर लांब असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन चॅनेलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डबा घे, तो बॅलन्स्डचं अनबॅलन्स्ड पण करतो आणि वर विजेची गुणगुण पण तोडतो.

त्या गुणगुणीवरूनच शेवटचा भाग. तू कायम टर्मिनलकडे डोळे लावून बसणार नाहीस, बसूही नये, दीड तास हलणारी पट्टी बघितली की माणूस पेंगतो. आवाज गेला तर पीसीने तुला हाक मारावी. त्यासाठी एफएफएमपेग, डॅश एफ पल्स, डॅश आय आणि सोर्सचं नाव, मग डॅश एएफ सायलेन्सडिटेक्ट, त्यात नॉइज मायनस ५० डीबी आणि डी म्हणजे २० सेकंद, शेवटी डॅश एफ नल आणि एक डॅश. शांतता २० सेकंद टिकली की सायलेन्स स्टार्ट अशी ओळ येते, ती ग्रेपने (हवी ती ओळ शोधणारी कमांड) पकडून मेसेज पाठवायची स्क्रिप्ट लाव. दोन खोड्या आहेत, एफएफएमपेग हे सगळं एररच्या नळातून बोलतं म्हणून ते आउटपुटला जोडून घ्यायला लागतं, आणि ग्रेपला लाइन-बफर्ड सांगितलं नाहीस तर बातमी पोचेपर्यंत आभारप्रदर्शन झालेलं असेल. बॅकग्राउंडला टाकताना डॅश नोएसटीडीइन पण लाव, नाहीतर कीबोर्डची वाट बघत अडकून बसतं.

हे लावून मी निवांत चहा प्यायला गेलो होतो आणि माईकची वायर निघाली तरी मेसेज आला नाही. का, तर वायर निघाल्यावर शांतता झालीच नाही, ५० हर्ट्झची गुणगुण सुरू झाली, मायनस ४२ वर, आणि स्क्रिप्टला वाटलं कोणीतरी बोलतंय. तेव्हा सायलेन्सडिटेक्टच्या आधी हायपास (खालचे सूर कापणारा फिल्टर) एफ बरोबर २०० लाव आणि मधे कॉमा दे, ५० ची गुणगुण साधारण २४ डीबीने खाली जाते, बोलणं बऱ्यापैकी राहतं. हे फक्त पाळतीच्या कॉपीवर, जाणाऱ्या आवाजावर नाही. आणि मायनस ५० हा आकडा पण माझा म्हणून तसाच उचलू नकोस. हॉल रिकामा असताना, पंखे चालू, माईक चालू, अशी एक ३० सेकंदांची फाइल घे, त्याच हायपासनंतरचा पीक बघ (आरएमएस नाही, सायलेन्सडिटेक्ट एकेक सॅम्पल तपासतं) आणि त्याच्यावर ५-६ डीबीला उंबरठा ठेव. गिरगावात चर्नी रोडची लोकल, खालचा हॉर्न, सगळं त्यात धर, नाहीतर रिकाम्या खुर्च्यांचं लाइव्ह जातंय आणि स्क्रिप्ट म्हणतेय सगळं ठीक.

लाउडनेसचं थोडक्यात सांगतो कारण तुला आज लगेच लागणार नाही. त्याच एफएफएमपेगमध्ये ईबीयूआर१२८ नावाचा फिल्टर आहे, त्यात एम म्हणजे गेल्या ४०० मिलिसेकंदांचं, एस म्हणजे ३ सेकंदांचं, आणि आय म्हणजे सुरुवातीपासून आत्तापर्यंतचं. युरोपातल्या टीव्हीवाल्यांनी २०१० मध्ये हा नियम काढला आणि त्यांचं टार्गेट मायनस २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). मोबाईलवरच्या व्याख्यानाला ते हळू वाटतं, मी मायनस १८ च्या आसपास ठेवतो. शेवटी आयचा आकडा बघून पुढच्या शनिवारचा गेन ठरवायचा, मधल्या एमकडे बघून फेडर हलवत बसायचं नाही.

हो, आणि मागे आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या एका कार्यकर्त्याने विचारलं होतं की हे टर्मिनलवर ५५ डेसिबल आलं की आपण कायद्यात का. नाही. तो ५५ राहत्या वस्तीतला दिवसाचा आकडा आहे, रात्री ४५, आणि तो हवेतल्या आवाजाचा. आपला डीबीएफएस शून्यापासून खाली मोजतो, गेन फिरवला की बदलतो, त्याचा रस्त्यावरच्या डेसिबलशी काही संबंध नाही, ज्ञात लेव्हलच्या कॅलिब्रेटरने माईक आधी जुळवून घेतल्याशिवाय.

तू आत्ता एवढंच कर. आज कोणाला तरी केबिनमध्ये पाठवून मिक्सरमधून निघणाऱ्या त्या जॅकचा फोटो मागव आणि प्लगवर काळ्या रिंगा एक आहेत की दोन ते बघ. दोन असतील तर रीमिक्सचा आकडा काय येणार ते मी आत्ताच सांगू शकतो, तरी पण टेस्ट कर आणि दोन्ही आरएमएस मला कळव.